चाळीस वर्षांचा डाग

खिशात चाकू बाळगणारा माणूस एक तर गुंड असतो किंवा भित्रा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचा ग्रुप एकदा बघावा. आम्ही एकूण बेचाळीस जण आहोत. त्यात एक दंतवैद्य आहेत, एक घड्याळजी आहेत, दोन निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आणि आवाज चढवून बोलू शकेल असा एकही नाही. जुन्या पद्धतीचे घडीचे चाकू जमवणं हा आमचा छंद. लाकडाची नाहीतर शिंगाची मूठ, पोलादी पातं, नखानं उघडायचं आणि खट् करून मिटायचं. या चाकूंनी आम्ही आजवर पाकिटं, दोऱ्या आणि सफरचंदं सोडून काहीही कापलेलं नाही. आपापली बोटं कापली आहेत, पण त्याची वाच्यता ग्रुपवर करायची नसते.

रोज सकाळी सातच्या ठोक्याला घड्याळजी विचारतात, "आज खिशात काय?" मग प्रत्येकानं त्या दिवशी खिशात घातलेल्या चाकूचा फोटो टाकायचा. खिशात एक आणि फोटोत दुसरा, असला चावटपणा चालत नाही. त्यानंतर दिवसभर एकमेकांचं कौतुक. "वा, मूठ काय मुरलीय!" "हवा दमट आहे, पात्याला तेलाचं बोट लावा." "मुख्याध्यापक, सर्दी कशी आहे?" माझी बायको म्हणते, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण रोज सकाळी माझी एवढी विचारपूस तुम्ही कधी केली नाहीत. तिचं म्हणणं खोटं नाही, पण विषय चाकूंचा चाललेला असताना मध्येच लग्न आणायचं काही कारण नाही.

तर गेल्या आठवड्यातल्या सोमवारी माझ्या सासऱ्यांनी त्यांचा चाकू माझ्या हातात दिला.

ही घटना किती मोठी आहे हे कळायला सासरे कळले पाहिजेत. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि बोलताना अजूनही शब्द मोजूनच देतात. अठरा वर्षांत त्यांनी माझ्यावर एकही काम सोपवलेलं नव्हतं. घरचा नळ गळला की ते थोरल्या जावयाला फोन करतात. थोरला जावई इंजिनियर आहे आणि पूल बांधतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे. म्हणजे नळाशी खरा संबंध माझा. पण सासऱ्यांच्या मते मी नळांच्या अर्जांवर शिक्के मारतो, आणि शिक्का मारून गळती थांबत नाही. हे त्यांनी मला तोंडावर कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर थोरल्याला फोन लावून सांगितलं.

असा माणूस सोमवारी संध्याकाळी आपला चाळीस वर्षं वापरातला चाकू काढून माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "उघडायला जड जातोय. बघा जरा." माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. हे एक काम नीट केलं की निदान नळापर्यंत तरी आपली मजल जाईल, असं मला वाटलं.

घरी येऊन मी चाकू टेबलावर घेतला. सांध्यात साठलेली घाण टाचणीनं काढली, तेल सोडलं, आणि चाकू लोण्यासारखा उघडायला लागला. इथे मी थांबायला हवं होतं. पण पात्यावर एक मोठा काळा-निळा डाग होता, टोकापासून बुडापर्यंत पसरलेला. मला उत्साह आला होता. उत्साह आला की माझ्या हातून काय होतं हे आमच्या घरातल्या भिंती, मिक्सर आणि स्नानघराची कडी सांगू शकतील. मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि पातं घासायला बसलो. दीड तासात ते असं चकाकायला लागलं की त्यात बघून दाढी करावी. बायकोनं फोटो काढून तिच्या बाबांना पाठवला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तोच ग्रुपवर टाकला. आधीचा आणि नंतरचा, असे शेजारी शेजारी दोन. चाकू सासऱ्यांचा, चाळीस वर्षं वापरातला, हे रात्रीच सांगून ठेवलं होतं.

रोज सात वाजून एक मिनिटापर्यंत दहा-बारा तरी अंगठे येतात. त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटं झाली तरी ग्रुप मेल्यासारखा गप्प होता. मग दंतवैद्यांनी लिहिलं, "डावीकडचा नंतरचा ना?"

मी लिहिलं, "नाही, उजवीकडचा."

"खून केलात," दंतवैद्य म्हणाले.

जाणकार मंडळी त्या डागाला पॅटिना म्हणतात. बाकीचं जग त्याला डागच म्हणतं. चांगल्या पोलादाला वर्षानुवर्षं फळांचा रस लागून तो चढतो, तो चाकूचा मान असतो, आणि तो घासून काढणारा माणूस संग्राहक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः दुसऱ्यांना दोनदा बजावलेलं आहे. पण स्वतःच्या टेबलावर सासऱ्यांचा चाकू आला की माणसाची अक्कल बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.

"चाळीस वर्षं एका माणसानं कापलेलं प्रत्येक सफरचंद त्या पात्यावर लिहिलेलं होतं," एका मुख्याध्यापकांनी लिहिलं. "तुम्ही ते पुसलंत." दुसऱ्यांनी फक्त हात जोडले. घड्याळजी एरवी शिव्या देत नाहीत, त्यांनी विचारलं, "ज्यांचा आहे त्यांना कळलं का?"

कळलं होतं. बायकोनं फोटो पाठवलेलाच होता. आणि बुधवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. ते कधीही मला फोन करत नाहीत. मी उभं राहून उचलला.

"फोटो बघितला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही केलंत हे?"

"हो. म्हणजे माझ्या हातून..."

"रविवारी येतो. समक्षच बोलू." फोन ठेवला.

माझी पाचावर धारण बसली. बायको म्हणाली, "खूश झाले असतील, अहो."

"तुला त्यांचा स्वभाव माहीत नाही," मी म्हणालो.

"माझेच बाबा आहेत ते," ती म्हणाली. "फोन करून विचारते मी."

मी तिला शपथ घातली. झालेला गुन्हा गुन्हेगाराच्या बायकोनं फोनवर उकरून काढायचा नसतो. रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवसांत चाळीस वर्षांचा डाग परत पाडायचा, असं मी ठरवलं आणि ग्रुपला शरण गेलो.

ग्रुप लगेच विरघळला. आमच्या मंडळींचं हे एक आहे, चूक कबूल केली की सल्ल्याला तोटा नाही. एक्केचाळीस जणांकडून चौतीस उपाय आले. बटाट्यात खुपसा. कांद्यात खुपसा. मोहरीची पेस्ट बोटानं ठिपक्याठिपक्यानं लावा. रोज सफरचंद कापा आणि पुसू नका, चाळीस वर्षांत आपोआप होईल. हा शेवटचा सल्ला मुख्याध्यापकांचा होता.

बुधवारी संध्याकाळी मी बटाट्यानं सुरुवात केली. चाकू खुपसलेला बटाटा हवेशीर जागा म्हणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरचे विमावाले वर आले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं आणि विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "वहिनींशी काही झालंय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी उठून कठड्यावरून खाली वाकून बघितलं. शेवटी म्हणाले, कठड्यावरून चाकू खाली पडून कुणाच्या डोक्यात गेला तर तिऱ्हाइताची जबाबदारी येते, आणि त्याची वेगळी पॉलिसी असते. माहितीपत्रक त्यांच्या खिशातच होतं. बटाटा काढून बघितला तर पात्यावर आठ आण्याएवढा एक राखाडी ठिपका उमटला होता. या वेगानं मला सदतीस बटाटे लागले असते, आणि विमावाले प्रत्येक बटाट्याला वर आले असते.

तेव्हा दंतवैद्यांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी औषध लिहून द्यावं तसं लिहून दिलं: पातं व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कागदात गुंडाळायचं, दर अर्ध्या तासानं कागद फिरवायचा, आठ तास. आठ तास मी घरी नसतो. म्हणून गुरुवारी मी चाकू कागदात गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून, डब्याच्या पिशवीतून कार्यालयात न्यायचं ठरवलं.

आता एक खुलासा. माझ्या खिशात रोजच चाकू असतो. आमच्या कार्यालयाच्या दारावरचा पहारेकरी पिशव्या तपासतो, खिसे नाही. गेल्या महिन्यात तक्रार विभागात एकानं खुर्ची उगारली, तेव्हापासून खुर्च्या आणि खिसे सोडून बाकी सगळ्याची तपासणी होते. पण ओला चाकू खिशात कसा घालणार? पहारेकऱ्यानं पिशवी हुंगली आणि म्हणाला, "साहेब, डबा आंबलाय." मी म्हणालो, "असू दे." तो म्हणाला, "अहो खाऊ नका." माझ्या पोटाच्या काळजीनं त्यानं पुडकं उघडलं.

अकरा वर्षं मी त्या माणसाला रोज नमस्कार करतो. पण चाकू बघितल्यावर त्याच्यातला माणूस गेला आणि पहारेकरी राहिला. त्यानं नोंदवही काढली आणि लिहिलं, "चाकू, एक, चकचकीत, ओला." मग पुडकं जसंच्या तसं परत गुंडाळून कपाटात ठेवलं. मी गयावया केली, की दर अर्ध्या तासानं कागद फिरवायचाय. तो म्हणाला, "जमा झालेल्या वस्तूला हात लावायला मनाई आहे."

संध्याकाळी घ्यायला गेलो तर कपाटाची किल्ली प्रशासन अधिकाऱ्यांकडे, आणि ते बैठकीला गेलेले. चाकूनं सबंध मुक्काम व्हिनेगरात काढला. शुक्रवारी दुपारी अधिकाऱ्यांनी कपाट उघडलं, कागद सोडला आणि नोंदवही वाचली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चकचकीत, असं लिहिलंय," ते म्हणाले.

पातं कोळशासारखं काळं पडलं होतं. कडेनं नारिंगी गंज फुटला होता, आणि कागदाला जिथे जिथे सुरकुती होती तिथे तिथे पांढरे पट्टे उमटले होते.

"ही ती वस्तू नाही," अधिकारी म्हणाले.

"तीच आहे, साहेब. काळी पडली."

"आमच्या ताब्यात असताना?"

"हो."

"म्हणजे खात्याच्या ताब्यात वस्तू खराब झाली, असा तुमचा आरोप आहे?"

"नाही हो, साहेब. मलाच खराब करायची होती."

ते जरा मागे सरकून बसले. तसं लेखी द्या, म्हणाले. मी लिहून दिलं, की सदर चाकू मी स्वखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय, काळा पडावा या हेतूनं गुंडाळला होता. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दोन साक्षीदार मागितले, चाकू चकचकीत असताना आणि काळा झाल्यावर असा दोन्ही अवस्थांत बघितलेले. असा जगात एकच माणूस होता, पहारेकरी, आणि तो वस्तूचा ताबेदार असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नव्हता. मग मला फोनमधला फोटो आठवला. मी घाईघाईनं ग्रुप उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो बघितला आणि सवयीप्रमाणे त्याखालचा मजकूर मोठ्यानं वाचला, "'खून केलात.'" मग पुढचं, "'तुम्ही ते पुसलंत.'" मग घड्याळजींचं, "'ज्यांचा आहे त्यांना कळलं का?'"

खोलीत तीन कारकून होते. तिघांनी पेनं खाली ठेवली.

तिथून पुढचा पाऊण तास मी सांगू इच्छित नाही. पाणीपुरवठा कार्यालयात उभं राहून पॅटिना म्हणजे काय हे समजावून सांगायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दंतवैद्यांना फोन लावावा लागला. ते एका पेशंटच्या तोंडात हात घालून बसले होते, तरी स्पीकरवर बोलले, आणि प्रशासन अधिकाऱ्यांना जाता जाता अक्कलदाढेबद्दल चार गोष्टी सांगितल्या. त्यामुळे असो किंवा दुसऱ्या कशामुळे, पण शनिवारी अर्ध्या दिवसानं माझा चाकू मला मिळाला. नोंदवहीत आता लिहिलेलं आहे, "चाकू, एक, पूर्वी चकचकीत." सोमवारपासून पहारेकरी माझे खिसेही तपासतो.

घरी आणून मी पातं धुतलं, पुसलं, तेल लावलं आणि ग्रुपला दाखवलं. दंतवैद्यांनी लिहिलं, "अप्रतिम. आता हे चाळीस वर्षांचं वाटतं." मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. माझा जीव भांड्यात पडला. बायकोनं चाकूकडे बघितलं आणि म्हणाली, "गटारात सापडल्यासारखा दिसतोय." तिला या विषयातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

रविवारी दहा वाजता सासरे आले. ते एकटे नव्हते. बरोबर त्यांचे सकाळी फिरायला जाणारे दोन मित्र होते, एक उंच आणि एक कानाला यंत्र लावलेले. तिघांचेही शर्ट कडक इस्त्रीचे. मला वाटलं, पंच आणले. त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा दिला, आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"चाळीस वर्षं मी हा डाग काढतोय," ते म्हणाले. "राख लावली. लिंबू लावलं. विटेची भुकटी लावली. थोरल्या जावयांनी मशीन लावून बघितलं, इंजिनियर असून. डाग हलला नाही. आणि यांनी," इथे त्यांनी माझ्याकडे हात केला, "यांनी एका संध्याकाळी काढला. फोटो बघितला आणि म्हटलं, चला, तुम्हाला समक्ष दाखवतो. आणा हो तो चाकू."

अठरा वर्षांतलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण होतं, आणि ते माझ्याबद्दल होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. 'खूश झाले असतील' हे तिचे बुधवारचे शब्द मला परत ऐकू आले. खिशात हात घातला तेव्हा मनात आलं, चाकू हरवला म्हणून सांगावं. पण मूठ हाताला लागली, आणि सासऱ्यांचा हात पुढे आलेलाच होता.

त्यांनी चाकू घेतला. नख लावलं. पातं अलगद उघडलं, तेवढं एक काम चोख झालं होतं. मग त्यांनी पातं उजेडाकडे धरलं.

काळा, नारिंगी, पांढरा पट्टा, बटाट्याचा ठिपका. एकेक करून त्यांनी सगळं बघितलं, जमिनीचा नकाशा वाचावा तसं. उंच मित्र पुढे वाकले. "हाच का तो?" त्यांनी विचारलं. यंत्रवाले म्हणाले, "काय म्हणाले? हाच?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं.

"छे," सासरे म्हणाले. त्यांनी चाकू मिटला. "हा यांचा रोजचा. माझा आत ठेवलाय, तेलात. इतक्यात हवा लागू द्यायची नसते त्याला. हो ना?"

प्रश्न मला होता. मी म्हणालो, "हो. आठ दिवस तरी."

"अच्छा," उंच मित्र म्हणाले. मग त्यांनी माझा चाकू, म्हणजे सासऱ्यांचा, हातात घेऊन उघडला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "पण स्वतःच्या वस्तूचे असे हाल करू नयेत हो. सासऱ्यांची वस्तू बघा, चाळीस वर्षं कशी सांभाळली. शिका काहीतरी."

"गंजानं धनुर्वात होतो," यंत्रवाले म्हणाले.

"मीही तेच सांगत असतो यांना," सासरे म्हणाले.

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात इतका अपमान कधी झाला नव्हता, आणि त्या अपमानाबद्दल मी त्या माणसाच्या पाया पडायला तयार होतो. कारण सगळे शब्द मोजून वापरणाऱ्या त्या माणसानं दोन मित्रांसमोर तोंडावर खोटं बोलून माझी अब्रू झाकली होती. पूल बांधणाऱ्या थोरल्यासाठी त्यांना असं करायची वेळ कधी आली नसावी.

"मग पुढच्या रविवारी येऊ," उंच मित्र उठता उठता म्हणाले. "आठ दिवस होतील."

मित्र जिना उतरायला लागले तेव्हा सासरे दारात थांबले. त्यांनी चाकू माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटवली.

"येईल ना परत तसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

"बघा जरा," ते म्हणाले आणि भराभर खाली गेले.

मी तिथेच पॉलिश पेपर घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत घासलं. सोमवारी घासलं, मंगळवारी राख लावली, लिंबू लावलं, एका बांधकामावरून विटेचा तुकडा मागून आणला. व्हिनेगर पोलादात खोल उतरलं होतं. चाळीस वर्षांचा डाग दीड तासात निघाला होता, माझा चार दिवसांचा हलायला तयार नव्हता. ग्रुपला विचारायची सोय नव्हती, कारण तिथे आता त्या पात्याचे गोडवे चालले होते.

बुधवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. मी उभं राहून उचलला.

"निघाला?" त्यांनी विचारलं.

माझ्यापुढे टेबलावर चाकू होता, काळा आणि नारिंगी. बायको शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून तीन दिवसच झाले होते, आणि आता पाळी माझी होती.

"निघाला," मी म्हणालो, आणि फोन ठेवून थोरल्या जावयाचा नंबर शोधायला लागलो.